गाण्याची चतुःसीमा

डफरे वकिलांचं नाक आधी यायचं आणि डफरे वकील मागाहून. सिंदीत रेल्वे फाटकाजवळ माझं झेरॉक्स आणि कॉम्प्युटरचं दुकान आहे. सकाळी दुकानाच्या उंबऱ्यावर एक टोकदार सावली पडायची, सरकत सरकत लॅमिनेशनच्या मशीनपर्यंत पोचायची, आणि मी चहा सांगायचो. चहा येऊन, निवून, त्यावर साय धरली की वकीलसाहेब स्वतः आत यायचे. यात अतिशयोक्ती असेल तर ती फक्त सायीपुरती.

सेलूच्या कोर्टात त्यांनी उभी हयात एकाच विषयावर घालवली, तो म्हणजे धुरा. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. शेजारी दरसाल वखर फिरवताना चार बोटं इकडे सरकतो, मग भांडण, मग मोजणी, मग डफरे वकील. त्यांनी सरळ केलेले धुरे एकाला एक जोडले असते तर सिंदीहून चालत चंद्रावर जाता आलं असतं, आणि वाटभर दोन्ही बाजूंनी भांडणारे सख्खे भाऊ भेटले असते.

पुढे गावात मोबाइल आले, मोबाइलमागून इंटरनेट आलं, आणि एक दिवस कोणीतरी त्यांच्यासमोर 'कॉपीराइट' हा शब्द उच्चारला. वकीलसाहेबांनी अर्थ विचारला. ऐकून घेतला. डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांना सगळं समजलेलं होतं.

"हा तं धुराच आहे," ते म्हणाले.

त्या दिवसापासून डिजिटल कायद्यावर त्यांचं मत नाही असा एकही विषय उरला नाही.

"पाह्य गा," मला समजवायचे, "इंटरनेट म्हनजे काय? शिवार. साइट म्हनजे वावर. पासवर्ड म्हनजे काटेरी कुंपन. अन् हे जे लोकं फॉरवर्ड करून राह्यले, हे म्हनजे दुसऱ्याच्या वावरातली तूर सोंगून आपल्या आंगनात वाळू घालनं."

"पन वकीलसाहेब, फॉरवर्ड केल्यानं मूळवाल्याचं कमी कुठं होते?"

"तुयं वावर म्या एक दिवस वाह्यलं अन् जसंच्या तसं वापस केलं, तं तू कोर्टात येशील का नाई?"

मी मान डोलावली. वकीलसाहेबांचं सगळं टायपिंग माझ्याकडे होतं.

त्यांच्या मुलीनं त्यांना नवा फोन पाठवला, तेव्हाची गोष्ट. आपण काय करतो? अटींच्या खाली 'मला मान्य आहे' असं येतं, ते दाबतो आणि कामाला लागतो. वकीलसाहेबांनी दाबलं नाही. ते म्हणाले, न वाचता सही केली म्हणून अर्ध्या तालुक्याची वावरं गेली, मी वाचणार. पोळ्याला वाचायला बसले. दसऱ्यापर्यंत ते आठव्या कलमापर्यंत आले. दिवाळीत त्यांनी माझ्याकडून उलट अटी टाइप करून घेतल्या, "कंपनीने माझ्या घरात काय चालते हे ऐकू नये, ऐकल्यास आपले मत देऊ नये" वगैरे, आणि त्या रजिस्टर पोस्टानं कॅलिफोर्नियाला पाठवल्या. संक्रांतीला शेवटचं कलम वाचून झालं आणि बोट मान्यतेवर टेकवणार, तोच पडद्यावर आलं की अटी बदललेल्या आहेत, कृपया पुन्हा वाचा. वकीलसाहेबांच्या चेहऱ्यावर मी एवढा आदर कधी पाहिला नव्हता. म्हणाले, "तिकडं कोनतरी चांगला वकील आहे."

सूर्याचा खटला तर सगळ्या सिंदीला माहीत आहे. वकीलसाहेबांनी आपल्या गच्चीवरून उगवत्या सूर्याचा फोटो काढला, वर 'सुप्रभात' लिहिलं, खाली 'डफरे' लिहिलं आणि गावाच्या ग्रुपात टाकला. दुसऱ्या दिवशी तोच सूर्य गोवर्धनशेठच्या नावानं उगवला. गोवर्धनशेठ म्हणजे आमचे कापसाचे व्यापारी, त्यांचं जिनिंग, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, वकिलांच्या घराच्या पूर्वेला. त्यांनी 'डफरे' पुसून तिथं जिनिंगचं नाव टाकलं होतं.

वकीलसाहेबांनी नोटीस लिहिली. "माझे अशील, म्हणजे मी, यांचा सूर्य आपण परस्पर वापरला असून..." गोवर्धनशेठ नोटीस घेऊन स्वतःच माझ्या दुकानात आले. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, सूर्य निघतो माझ्या शेडच्या मागून. माझ्या हद्दीतून निघालेला माल माझा नाही का? आणि फोटोत माझं शेड दिसून राह्यलं. ते मला न विचारता घेतलं ते कोणत्या कायद्यानं?"

वकीलसाहेब हरखले. इतक्या वर्षांत त्यांना तोडीस तोड माणूस भेटला नव्हता. दुपारभर वाद झाला आणि संध्याकाळी तडजोड ठरली की टिनाच्या शेडला टेकलेला असेपर्यंत सूर्य शेठजींचा, आणि शेड सुटलं की डफरे वकिलांचा. दोघांनी सह्या केल्या. सूर्यानं आक्षेप घेतला नाही.

असं हसतखेळत चाललं होतं, तोवर मैनाबाईचं प्रकरण आलं.

मैनाबाई झाडे म्हणजे आमच्याकडची लग्नात गाणी म्हणणारी बाई. देवाधर्माची गाणी नाहीत, व्याह्यांना चिडवायची. मांडवात नवरदेवाकडची मंडळी टेकली रे टेकली की मैनाबाई एकेकाला पाहून तिथल्या तिथं गाणं जोडायची. तिच्या गाण्यावरून नवरदेवाचा मामा जेवणावरून उठला तर लोक म्हणायचे लग्न चांगलं झालं. एकदा एका व्याह्यावर तिनं असं गाणं केलं की त्यानं मिशी काढली आणि गाव बदललं.

तिची सून वर्षा हुशार. तिनं सासूची सगळी गाणी मोबाइलवर घेऊन इंटरनेटवर चॅनल काढलं. कोणत्या साइटवर ते मी सांगत नाही. वकीलसाहेबांच्या संगतीत राहून मीही नाव घेताना विचार करायला शिकलो आहे. चॅनल चांगलं चाललं. मग मैनाबाईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ती बोलते ती नुसती फुसफुस, वर्षानं तोंडाजवळ कान नेला तरच समजते. गाणं होतं ते चॅनलवर तेवढंच उरलं.

आणि त्याच वर्षी दूरच्या शहरातल्या एका गाण्याच्या कंपनीनं तिचं 'झोपल्या नवरदेवाचं गाणं' उचललं, त्याच्यामागे धाडधाड ढोल लावला, आणि ते डीजेवर वाजायला लागलं. वाजेना का. पण कंपनीनं त्या गाण्यावर आपला हक्क नोंदवला. साइटच्या मशीननं शोध घेतला, तेच गाणं मैनाबाईच्या चॅनलवर सापडलं, आणि मैनाबाईवर चोरीची तक्रार लागली. तिच्याच गाण्याच्या चोरीची. ते गाणं चॅनलवर तीनदा होतं, तीन लग्नांतलं. दोन तक्रारी लागून दोन गाणी उतरलीसुद्धा. तिसरी लागली की अख्खं चॅनल पुसायचं, असा त्या साइटचा कायदा.

वर्षा सासूला घेऊन माझ्या दुकानात आली. वकीलसाहेब होतेच.

मी म्हटलं, "तिसरं गाणं आपणच काढून टाकू. बाकीची वाचतील. नाहीतर सगळी उतरवून पेनड्राइव्हमध्ये भरून देतो."

मैनाबाईनं सुनेचा पदर ओढला. वर्षानं कान नेला आणि सांगितलं, "आत्याबाई म्हनतेत, भरून ठेवायले ते लोनचं आहे का? आन् म्हनतेत, माह्यं गानं मी काऊन काढू? काढलं म्हनजे मी चोर."

"बरोबर आहे," वकीलसाहेब कडाडले. "धुरा सोडला का वावर गेलं. मी लढतो. मैनाबाई, तू काळजी नको करजो."

लढाईची सुरुवात त्यांनी त्यांना येत होती तशी केली, म्हणजे जागेची पाहणी. चहावाला आणि शेजारचा न्हावी हे दोन पंच बोलावले. टेप लावून माझ्या कॉम्प्युटरचा पडदा मोजला. मग पंचनामा सांगितला, मी टाइप केला. "मौजा इंटरनेट. वादातील गाणे चालू स्थितीत आढळले. चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस अगरबत्तीची जाहिरात. पश्चिमेस अनोळखी इसमाच्या बकरीचा व्हिडिओ. उत्तरेस शोधायची पट्टी. दक्षिणेस लोकांचे अभिप्राय, त्यात एक शिवी." न्हाव्यानं वाचून सही केली. चहावाला म्हणाला, बकरी काटोलकडची वाटते, तेही लिहा.

या सगळ्याचं इंग्रजी मी केलं. कसं केलं ते माझं मलाच माहीत. साइटला पाठवलं आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर आलं की नामंजूर.

"एवढ्या लवकर वाचलं?" वकीलसाहेबांना धक्का बसला.

"माणूस नाही वाचत, साहेब. मशीन वाचते."

"म्हनजे साहेब रजेवर असन. आपन वाट पाहू."

पण पुढचा मेल माणसाचा होता, कंपनीच्या वकिलीणबाईंचा. सभ्य भाषेत त्यांनी विचारलं होतं, गाणं तुमचं आहे तर ते कोणी, कधी, कोणत्या प्रसंगी रचलं आणि त्याला साक्षीदार कोण ते कळवा. नाहीतर आठवडाभरानं तिसरी तक्रार लागेल.

मी तो मेल मराठीत वाचून दाखवला. मला वाटलं वकीलसाहेब आता उठून उभे राहतील. ते खाली बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

"कठीन आहे," म्हणाले. "जुनं गानं. लोकगीत म्हनून सोडून द्या. सर्वांचं आहे, कोनाचंच नाई."

मैनाबाईनं वकिलांकडे पाहिलं आणि सुनेच्या कानात काहीतरी सांगितलं.

वर्षा गोंधळली. "आत्याबाई म्हनतेत, वकिलाले सांग, मी आजवर नाव नाई घेतलं."

"कोनाचं नाव?" मी विचारलं.

वकीलसाहेब उठले आणि छत्री न घेता निघून गेले. नाक आधी वळलं, मागून ते.

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा सोबत त्यांच्या बायको, शकुंतलाकाकू होत्या. त्यांना काकूंनी आणलं होतं असं म्हणणं जास्त खरं. वर्षा आणि मैनाबाई आधीच येऊन बसल्या होत्या. काकूंनी पदर खोचला आणि सरळ सांगायला सुरुवात केली.

काकूंचं माहेर पुलगावचं. मैना त्यांच्या शेजारची. काकूंचं लग्न ठरलं तेव्हा डफरे वकील अजून सिंदीत आलेही नव्हते. वऱ्हाड नागपूरकडून पॅसेंजर गाडीनं निघालं. नवरदेवाचं आदल्या रात्री जागरण झालेलं, ते बाशिंगासकट वरच्या फळीवर झोपले. पुलगाव आलं. वऱ्हाड उतरलं, सामान उतरलं, बँड वाजायला लागला. प्रत्येकाला वाटलं नवरदेव दुसऱ्या कोणासोबत आहे. घोडीजवळ पोचल्यावर कळलं की घोडीवर बसवायला माणूस नाही. तोवर गाडी नवरदेवाला घेऊन बडनेऱ्याकडे गेली होती.

मुहूर्त टळला. मांडवात बायका बसलेल्या, हाताला काम नाही. आणि मग नवरीची मैत्रीण मैना, तेव्हा परकरी पोरगी, तिनं सूर लावला.

वऱ्हाड उतरलं पुलगावी वं माय,
नवरा निजला फळीवर वं माय.
इंजिनासंगं लगन लावजो,
गार्डाले मामा म्हनजो वं माय.
हिरव्या झेंडीचा अंतरपाट,
शिट्टीची मंगलाष्टकं वं माय.

संध्याकाळी वकीलसाहेब मालगाडीच्या गार्डाच्या डब्यातून परत आले, तोवर मांडवातल्या झाडून सगळ्या बायकांना गाणं पाठ झालं होतं. त्यांचं स्वागत त्याच गाण्यानं झालं. नाकाचं कडवं त्यांना पाहिल्यावर वाढलं. पुढे मैना लग्न होऊन नेमकी सिंदीत आली, आणि काही वर्षांनी वकिलीसाठी वकीलसाहेबही नेमके सिंदीतच आले. त्यांनी तिच्याकडून शब्द घेतला की गाणं म्हण, पण नवरा कोण ते सांगू नको. तिनं तो पाळला. अख्ख्या तालुक्यानं ते गाणं ऐकलं, डफरे वकिलांच्या तोंडासमोर ऐकलं, आणि कोणाला पत्ता नव्हता.

"मी पुरावा देऊ म्हनजे काय?" वकीलसाहेब काकूंना म्हणाले. "उद्या कोर्टात उभा राह्यलो का समोरचा वकील विचारन, डफरेसाहेब, कोनतं टेसन आलं? पक्षकार हसतीन. माह्या उभ्या जिंदगीची इज्जत आहे."

"तिची नाई का?" काकू म्हणाल्या. "तिले लोकं चोर म्हनून राह्यले. इतके वर्स तिले बोलता येत होतं अन् तुमच्यासाठी ती गप राह्यली. आता तिले बोलता येत नाई अन् तुमाले येते."

फाटकावरून एक मालगाडी गेली, तिचे सगळे डबे जाईपर्यंत वकीलसाहेब खाली मान घालून बसले होते. मैनाबाई त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती पदराच्या टोकाला गाठ मारत होती आणि सोडत होती.

मग ते उठले. आल्यावर खुंटीला टांगलेला आपला काळा कोट अंगात घातला, पांढरी पट्टी बांधली, आणि मला म्हणाले, "कॅमेरा चालू कर."

ती साक्ष मी अजून जपून ठेवली आहे. कॅमेऱ्यात बघून, कोर्टात बोलत तसे ते बोलले. "मी, ॲडव्होकेट डफरे, शपथेवर सांगतो की वादातील गीतामधील झोपलेला नवरदेव तो मीच. सदर गीत मैनाबाई यांनी माझ्या लग्नात, माझ्याच गैरहजेरीत, माझ्यावर रचले. साक्षीदार माझी पत्नी. ती जागी होती. गीतातील नाकाबाबतचा मजकूर किंचित वाढवून आहे. बाकी खरा."

"वाढवून काई नाई," काकू बाजूनं म्हणाल्या. तेही त्यात आलं आहे.

व्हिडिओ कंपनीला पाठवला आणि वर्षानं चॅनलवरही टाकला. संध्याकाळपर्यंत सिंदी हसली. दुसऱ्या दिवशी सेलू, तिसऱ्या दिवशी पुलगाव. असं सांगतात की बडनेऱ्याच्या स्टेशनमास्तरांनी तो पाहून ड्यूटीवर उभ्यानं सलाम केला. कोर्टात वकीलसाहेब शिरले की शिपाई खुर्ची पुढे करायचा आणि म्हणायचा, बसा साहेब, झोपू नका. वकीलसाहेब बसायचे.

मग कंपनीच्या वकिलीणबाईंचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. बाईंना हसू आवरत नव्हतं. त्या म्हणाल्या, तक्रार मागे घेतली, उतरलेली गाणी पुन्हा चढतील, आणि आमच्या गाण्याखालीही मैनाबाईंचं नाव येईल. वर्षानं सासूचा हात धरला. मैनाबाईचे ओठ हलले, पण या वेळी वर्षानं कान नेला नाही. सगळ्यांना कळलं होतं.

"एकच विचारू का, सर?" बाई म्हणाल्या. "तिकीट पुलगावपर्यंतचंच होतं ना?"

वकीलसाहेबांनी घसा साफ केला. "होतं. पन मॅडम, त्या गुन्ह्याची मुदत कधीच संपली."

आता इथे कोणीही चांगला माणूस थांबला असता. डफरे वकील दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आले आणि त्यांनी मैनाबाईला बदनामीची नोटीस टाइप करून घेतली. मी म्हटलं, साहेब, कालच तर जिंकवलं तिला. ते म्हणाले, "गानं तिचं, हे सिद्ध झालं. नाक माहं, हेही सिद्ध झालं. खटले वेगळे आहेत." मैनाबाईनं नोटीस वर्षाकडून वाचून घेतली आणि सुनेच्या कानात एक नवं कडवं फुसफुसली, झोपेतून उठून नोटीस देणाऱ्या नवरदेवाचं. वर्षानं ते गायलं आणि चॅनलवर टाकलं. वकीलसाहेबांनी नोटीस मागे घेतली. ते घाबरले नव्हते. कडवं त्यांना आवडलं होतं.

मागच्या वर्षी त्यांनी वकिली सोडली आणि काकूंसह मुलीकडे अमरावतीला राहायला गेले. माझ्याच गाडीनं सोडायला निघालो. वाटेत कारंज्याला एका धाब्यावर जेवायला थांबलो. बाहेर ट्रकांची रांग होती. आर्वीकडचा एक ड्रायव्हर काच पुसत होता आणि मोठ्यानं गात होता, डीजेवर ऐकलेलं, त्याच्या मनानं.

"लाल झेंडीचा अंतरपाट, शिट्टीची मंगलाष्टकं वं माय..."

वकीलसाहेबांचा घास हातातच राहिला. काकू म्हणाल्या, जेवा हो. ते उठले, हात न धुता ट्रकपर्यंत गेले. मी मागे गेलो, भांडण होईल म्हणून.

"लाल नाई," ते म्हणाले. "हिरवी. हिरव्या झेंडीचा अंतरपाट. लाल दाखवली असती तं गाडी थांबली नसती का?"

ड्रायव्हरनं फडकं थांबवलं. "असं हाय का? तुमी केलं का काका गानं?"

"नाई. मैनाबाई झाडे, सिंदी रेल्वे. गाशीन तवा नाव घेऊन गाजो."

"घेतो. पन तुमाले कसं माहीत, झेंडी हिरवी होती ते?"

"मी त्या गाडीत होतो," डफरे वकील म्हणाले, आणि जेवायला परत वळले.